ठोके ताळ्यावर, दम मात्र मागेच

'रिपोर्ट सगळे नॉर्मल आले, मग अंगात जीव का नाही?' हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर उपचार घेऊन घरी आलेल्या माणसाच्या तोंडी दोन-तीन आठवड्यांत हा प्रश्न येतोच. ईसीजीच्या कागदावर ठोके शिस्तीत उमटलेले असतात, डॉक्टर समाधानी असतात, नातेवाईक फळं देऊन भेटून गेलेले असतात. आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो माणूस आंघोळ करून आला की पलंगाच्या कडेला टेकतो. घरच्यांना वाटतं, उपचार फसले. त्याला स्वतःला वाटतं, आता आपलं हे असंच चालायचं. बहुतेक वेळा दोघांचंही चुकलेलं असतं. ठोका सुधारणं आणि ताकद परत येणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं हॉस्पिटलात काही तासांत उरकतं. दुसरं काही महिने चालतं, घरीच चालतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही.

ठाण्यातलं बाळकुमच घ्या. एकीकडे जुन्या गावाचे पाडे, दुसरीकडे उंच टॉवर, मधून कशेळीच्या पुलाकडे जाणारी अवजड वाहनं आणि मेट्रोचं काम. मोठी हॉस्पिटलं कपूरबावडी-माजिवडा ओलांडलं की आहेत. हृदयाच्या आत तार नेऊन बिघाडाची जागा शोधण्यापर्यंत ठाणे-मुंबईतल्या डॉक्टरांची मजल गेली आहे. पण डिस्चार्ज कार्डावर शेवटी काय लिहिलेलं असतं? 'हलका व्यायाम, जड वजन उचलू नये, पुन्हा दाखवणे.' हलका म्हणजे किती, जड म्हणजे काय, आणि दाखवायला जाईपर्यंत रोज काय करायचं, हे त्या माणसाने आणि त्याच्या बायकोने मिळून ठरवायचं. मग शेजारी सांगतात, 'काका, जपा, आराम करा.' काका आराम करतात. तिथूनच गाडं अडतं.

आधी बिघाड काय असतो ते पाहू. निरोगी हृदयात ठोक्याची सुरुवात उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, सायनस नोड नावाच्या लहानशा पेशीसमूहातून होते. माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा तिथून विजेचा संकेत निघतो. वरचे दोन कप्पे आकुंचन पावतात, रक्त खाली ढकलतात, आणि क्षणभराने खालचे कप्पे ते फुप्फुसांकडे आणि शरीराकडे फेकतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात एएफ म्हणतात त्या आजारात, वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० असे विस्कळीत संकेत भिरभिरू लागतात. कप्पे आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. हे सगळे संकेत खाली पोचले असते तर माणूस वाचलाच नसता. पण मध्ये एव्ही नोड असतो. कपूरबावडीच्या नाक्यावरच्या हवालदारासारखा तो बहुतेकांना अडवतो, काहींना सोडतो. सोडतो ते मात्र कसेही, कधी दोन लागोपाठ, कधी मध्ये मोठा खंड. म्हणून नाडीवर बोट ठेवलं तर तिला ताल सापडत नाही.

यात दमण्याची दोन कारणं दडलेली आहेत. वरच्या कप्प्यांचा शेवटचा धक्का खालच्या कप्प्यात भरणाऱ्या रक्तात एरवी २० ते ३० टक्क्यांची भर घालतो, ती भर नाहीशी होते. शिवाय ठोके वेगाने पडत असल्याने खालच्या कप्प्यांना नीट भरायला वेळच मिळत नाही. चाळिशीतल्या धडधाकट माणसाला हे फारसं जाणवत नाही. ज्याच्या हृदयाच्या भिंती वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने जाड आणि ताठर झाल्या आहेत, त्याला मात्र जिन्याच्या दहाव्या पायरीवर जाणवतं. कित्येकांना धडधड अशी होतच नाही, नुसतं गळून गेल्यासारखं वाटतं. वय झालं म्हणून ते चालवूनही घेतात.

उपचारांचे रस्ते तीन. पहिला औषधांचा. दुसरा विजेच्या झटक्याचा: माणसाला थोडा वेळ झोपवून छातीवरून मोजून झटका देतात, सगळा गोंधळ एकदम थांबतो आणि सायनस नोड पुन्हा सूत्रं हाती घेतो. डायरेक्ट करंटचा, ठोक्याशी वेळ जुळवून दिलेला हा झटका १९६२च्या सुमाराला बॉस्टनच्या बर्नार्ड लाऊन यांनी रूढ केला. तिसरा रस्ता अब्लेशनचा, आणि तो तुलनेने नवा आहे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये ४५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एएफची ठिणगी कुठून पडते, हे ते शोधत होते. त्यांना सापडलेल्या जागांपैकी ९४ टक्के जागा हृदयात नव्हत्या, फुप्फुसांकडून डाव्या वरच्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होत्या. तेव्हापासून उपचाराची दिशाच बदलली. जांघेतल्या शिरेतून तार वर नेतात, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पातळ पडद्याला भोक पाडून डावीकडे शिरतात आणि त्या शिरांच्या तोंडांभोवती उष्णतेने, अतिथंडीने किंवा आता विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी व्रणाचं कडं तयार करतात. ठिणगी पडली तरी कड्याबाहेर येत नाही. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना २००३ मध्ये अनियमित ठोक्यांसाठी झटका द्यावा लागला, वर्षभराने त्यांच्यावर अब्लेशन झालं आणि ते लगेच कामाला लागले. अशा बातम्या वाचून लोकांची अपेक्षा वाढते, ते साहजिक आहे. पण ब्लेअर तेव्हा पन्नाशीच्या सुरुवातीला होते, नियमित व्यायाम करणारे होते, आणि वर्षानुवर्षं बसून मागे पडलेल्या शरीराला घेऊन ते उपचारांना गेले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ठोका जागेवर आला, मग दम का येत नाही?

एक कारण हृदयातच आहे. झटका दिल्यावर ईसीजी त्या क्षणी सुधारतो, पण वरच्या कप्प्यांचे स्नायू काही दिवस ते काही आठवडे सुन्न असतात. संकेत बरोबर येतो, आकुंचन मात्र पूर्ण जोराने होत नाही. आजार जितका जुना तितका हा सुन्नपणा लांबतो. या काळात मंदावलेल्या रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून झटक्यानंतर किमान चार आठवडे रक्त पातळ करणारं औषध चुकवायचं नसतं. अब्लेशननंतरची गोष्ट थोडी निराळी. तिथे हृदयाच्या आतल्या बाजूला मुद्दाम जखम केलेली असते. ती सुजते, मग तिचा व्रण होतो, आणि या मधल्या काळात ठोके पुन्हा पुन्हा चुकू शकतात. पूर्वी डॉक्टर पहिले तीन महिने निकालात धरायचे नाहीत. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ही मुदत आठ आठवड्यांवर आणली. मुद्दा असा की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रात्री धडधडलं म्हणून अब्लेशन वाया गेलं असं समजायचं कारण नाही. डॉक्टरांना कळवायचं मात्र जरूर.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना घाबरवते. पूर्वी बसल्या जागी नाडी ६५ असायची, ती अब्लेशननंतर ७५-८० दिसू लागते. हृदयाला वेग कमी करायला सांगणारे काही मज्जातंतूंचे पुंजके त्या शिरांजवळच असतात आणि भाजण्याच्या कामात त्यांनाही धग लागते. काही महिन्यांत बहुतेकांचं हे कमी होतं. ठोका नियमित असेल तर या वाढीत भिण्यासारखं काही नसतं.

दुसरं कारण गोळ्यांच्या डबीत असतं, आणि माझ्या मते त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर औषधं ठोक्याला लगाम घालतात. तो लगाम विश्रांतीत हवाच असतो. पण जिना चढताना हृदयाने वेग वाढवायला हवा तिथेही तो ओढलेलाच राहतो आणि पाय शिशाचे होतात. डोस बदलून, वेळ बदलून किंवा दुसरं औषध देऊन यातून मार्ग निघतो, फक्त तो डॉक्टरांनी काढायचा असतो. या गोळ्या मनाने एकदम बंद केल्या तर ठोके उसळून वर येतात. अमिओडेरोनची कथा वेगळी. दोनशे मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, तर शरीराची दिवसाची गरज ०.१५ मिलिग्रॅम. इतक्या आयोडीनने थायरॉईड ग्रंथी मंदावू शकते किंवा भडकू शकते. मंदावली तर थकवा, थंडी वाजणं, वजन वाढणं. भडकली तर धडधड आणि पुन्हा एएफ. हे औषध शरीरात आठवडे-महिने साठून राहतं, त्यामुळे बंद केल्यानंतरही हा प्रकार उद्भवतो. म्हणून दर सहा महिन्यांनी थायरॉईडची तपासणी. थायरॉईडचा आणि ठोक्यांचा संबंध किती जवळचा आहे हे १९९१ मध्ये जगाने पाहिलं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश थोरले कॅम्प डेव्हिडला जॉगिंग करताना दमले, तपासल्यावर एएफ निघालं आणि त्याच्या मुळाशी भडकलेली थायरॉईड ग्रंथी सापडली. आपल्याकडे थकव्याच्या कारणांत रक्तक्षय आणि बी-१२ची कमतरता यांची भर घालायला हवी. हृदयावर लाखो रुपये खर्च करून आलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन नऊ असेल तर दम लागायला दुसरं कारण शोधायची गरजच नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधाने पोटात बारीक रक्तस्राव होत असेल तर ते आणखी उतरतं. काळसर, डांबरासारखी शौचास झाली तर ती गोष्ट लाजेने लपवू नये.

तिसरं कारण म्हणजे आराम.

१९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांच्या क्षमतेत जेवढी घट झाली होती, त्याहून जास्त घट तेव्हाच्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने झाली होती. आणि पन्नाशीत सहा महिने हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने वयाची बरीचशी घट भरूनही निघाली. माणसं फक्त पाचच होती हे खरं, पण या अभ्यासाने जगभरात हृदयरोग्यांना लवकर उठवून चालतं करण्याला बळ मिळालं. आता आपल्या काकांचा हिशेब करा. एएफ लक्षात येण्याआधी सहा महिने दम लागतो म्हणून चालणं कमी केलेलं, मग तपासण्या, मग दवाखाना, मग 'जपा'. पायांचे स्नायू तोवर वाळलेले असतात. ठोका दुरुस्त झाला तरी रक्तातून आलेला प्राणवायू वापरायला स्नायूच उरले नसतील तर दम लागणारच. इथे कमी पडत असतं ते पायांचं बळ, आणि दोष मात्र हृदयाला दिला जातो.

हे सारं पाश्चात्त्य पुस्तकांतून उचलून इथे बसवता येत नाही, कारण आपला एएफचा रुग्णच वेगळा आहे. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने देशभरातल्या २४ केंद्रांतल्या १,५३७ रुग्णांची नोंद केली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईचे डॉ. अमित वोरा तिच्या प्रमुख लेखकांपैकी. या रुग्णांचं सरासरी वय पंचावन्नच्या आसपास होतं, युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी कमी. आणि जवळपास निम्म्यांच्या हृदयाची झडप लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली होती. घसादुखी, सांधेसूज, मग काही वर्षांनी आखडलेली झडप, अशा वाटेने आलेला हा आजार आपल्या गावाखेड्यांत अजून संपलेला नाही. अशा माणसांत ठोका ताळ्यावर आणून काही फायदा होतो का, की नुसता वेग आटोक्यात ठेवणं पुरे? हा प्रश्न मुंबईतल्याच डॉक्टरांनी, वोरा आणि डॉ. यश लोखंडवाला यांच्या गटाने, हाताळला आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. रुग्ण दीडशेच्या आसपास. ज्यांचा ठोका नियमित राहिला त्यांना जास्त वेळ व्यायाम करता आला आणि त्यांचं रोजचं जगणंही सुधारलं. दम परत मिळवण्याच्या विषयातला हा आपल्या घरचा पुरावा, आणि तो जितका माहीत असायला हवा तितका नाही.

झडप आखडलेल्यांसाठी औषधाचा मुद्दाही वेगळा आहे. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या सोयीच्या आहेत, वारंवार आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं हे, तपासावं लागत नाही. पण झडपेच्या आजारातल्या एएफवर दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजारांवर रुग्णांत मोठी चाचणी केली. २०२२ मध्ये तिचा निकाल आला, तेव्हा नव्या रिव्हरॉक्झाबॅनपेक्षा जुनी वॉरफॅरिनच्या जातीची औषधंच सरस ठरली. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली अॅसिट्रॉम याच जातीची. तिच्याबरोबर 'पालेभाजी बंद' हा सल्ला हटकून येतो. भाजी बंद करायची नसते, तिचं प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं असतं. श्रावणात रोज पालेभाजी आणि एरवी महिनाभर नाही, असं झालं की आयएनआर झोके घेतो.

आता चालण्याकडे येऊ. अब्लेशननंतरचा पहिला आठवडा जांघेचा. तिथे मोठ्या शिरेला भोक पडलेलं असतं आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असतं. घरातल्या घरात फिरणं चालतं, सावकाश जिनाही चालतो. भरलेला गॅस सिलिंडर, पाण्याची बादली, नातवाला कडेवर घेणं, स्कूटरला किक मारणं, संडासात कुंथणं, हे टाळायचं. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं पहिले काही दिवस शक्यतो नको. जांघेतून रक्त आलं तर आडवं होऊन दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं आणि थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा. वाटाण्याएवढी गाठ आणि निळा-पिवळा डाग बऱ्याच जणांना दिसतो, तो आठवड्या-दोन आठवड्यांत विरतो. गाठ वाढू लागली, ठणकू लागली तर दाखवायचं.

नंतर चालायचं. किती, याला मिनिटांपेक्षा चांगलं माप आहे: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त होतंय. बीटा ब्लॉकर चालू असणाऱ्यांना हेच माप वापरावं लागतं, कारण त्यांची नाडी औषधाने बांधलेली असते आणि जिममधल्या तक्त्यावरचा 'वयानुसार ठोके' हा आकडा त्यांना लागू पडत नाही. सुरुवातीला दहा-दहा मिनिटं दिवसातून दोन-तीनदा, मग दर आठवड्याला थोडी भर. दीड-दोन महिन्यांत सलग अर्धा तास, मिनिटाला शंभरएक पावलं पडतील अशा चालीने जमू लागलं तर प्रगती उत्तम. दोन जिने न थांबता, वर पोचल्यावर बोलता येईल इतक्या दमात चढणं हा मधला टप्पा. ते साधलं की रोजची बहुतेक कामं, आणि पतीपत्नीचे संबंधही, हृदयाला झेपतात. हा शेवटचा प्रश्न ओपीडीत कोणी विचारत नाही आणि कोणी आपणहून सांगतही नाही, म्हणून इथे लिहिला.

बाळकुमात चालायचं कुठे, हा प्रश्न तितकासा सोपा नाही. नाक्यावरचा रस्ता धुळीचा आणि ट्रकांचा. तिथे सकाळी आठनंतर चालण्यात फायद्यापेक्षा धूर जास्त. टॉवरवाल्यांना पोडियम असतो, तिथे गोल फिरणं कंटाळवाणं असलं तरी सपाट आणि सुरक्षित. घेरी आली तर बसायला बाक आणि मदतीला वॉचमन. २०२४ मध्ये कोलशेतला खुलं झालेलं वीसेक एकरांचं सेंट्रल पार्क जवळ आहे, तिथली सावली ही मोठी सोय. येऊरची चढण मात्र तीन महिने तरी लांब ठेवा, ती कुठे पळून जात नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि मेमध्ये वेळ पहाटेची. घामाने पाणी आणि क्षार गेले की ठोके चुकायला निमित्तच मिळतं, आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर दुप्पट. कडक उपास करून चालायला जाणं हे तर संकटाला आमंत्रणच. पावसाळ्यात घसरून पडण्याचं भय खरं असतं, कारण रक्त पातळ असताना डोक्याला लागणं साधं नसतं. तेव्हा घरातच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन हातांचा व्यायाम. पायांचे स्नायू परत आणायला नुसतं चालणं पुरत नाहीच.

या साध्यासुध्या गोष्टींमागे पुरावा आहे. डेन्मार्कमध्ये अब्लेशन झालेल्या २१० जणांपैकी ज्यांना पद्धतशीर व्यायाम आणि समुपदेशन मिळालं, त्यांची क्षमता चार महिन्यांनी इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाली. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या एका चाचणीत एएफचे १२० रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांना सहा महिने देखरेखीखाली आणि घरी व्यायाम करवला. वर्षअखेरीला व्यायाम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांत एएफ परतला, इतरांत ८० टक्क्यांत. म्हणजे व्यायाम दम वाढवतो, आणि शिवाय ठोकाही काही प्रमाणात सांभाळतो. योगाबद्दल आपण भावनेने बोलतो, पण इथेही आकडे आहेत. कॅन्ससला डॉ. धनंजय लक्किरेड्डी यांनी एएफच्या पन्नासएक रुग्णांना तीन महिने आठवड्यातून दोनदा योगासनं करवली, तर त्रासाचे प्रसंग सरासरी ३.८ वरून २.१ वर आले. अभ्यास लहान आहे. भारतात हार्ट अटॅकनंतरच्या जवळपास चार हजार रुग्णांवर झालेल्या योगाधारित पुनर्वसनाच्या चाचणीत रुग्णांना आपली तब्येत अधिक चांगली वाटली आणि ते आधीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. तेव्हा शेजारच्या हॉलमध्ये योगवर्ग असेल तर जरूर जा. श्वास कोंडून धरणारे प्रकार आणि शीर्षासन तेवढं बाजूला ठेवा.

दुसऱ्या टोकाचेही लोक असतात. ठाण्यात वर्षा मॅरेथॉनचं वेड जुनं आहे, आणि पन्नाशीनंतर धावायला लागलेले बरेच जण या रोगाशी गाठ पडल्यावर त्याच ईर्षेने परत उतरतात. स्वीडनमध्ये ९० किलोमीटरच्या वासालोपेट या स्की शर्यतीत उतरलेल्या ५० हजारांवर लोकांचा मागोवा घेतला, तेव्हा ज्यांनी जास्त शर्यती पुऱ्या केल्या आणि ज्यांनी जास्त वेगाने केल्या, त्यांच्यात ठोके बिघडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मध्यम व्यायाम हृदयाला मानवतो, वर्षानुवर्षांची अतिरेकी दमछाक वरच्या कप्प्यांना ताणते. धावणाऱ्याने धावणं सोडावं असा याचा अर्थ नाही. पण पहिले तीन महिने घड्याळ आणि पदक दोन्ही कपाटात ठेवावं.

वजन, दारू आणि झोप या तीन गोष्टींना औषधाइतकंच महत्त्व आहे. ॲडलेडच्याच दुसऱ्या अभ्यासात, ज्यांनी शरीराचं दहा टक्के वजन उतरवलं आणि टिकवलं, त्यांचा ठोका नियमित राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. ८५ किलोच्या माणसासाठी हे साडेआठ किलो, अशक्य मुळीच नाही. दारूबाबत २०२० मध्ये १४० ऑस्ट्रेलियन रुग्णांवर चाचणी झाली. पिणं सोडलेल्यांत ५३ टक्क्यांना एएफ परत आला, चालू ठेवणाऱ्यांत ७३ टक्क्यांना. 'फक्त एकतीस डिसेंबरला' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की सुटीच्या दिवशी भरपूर पिऊन ठोके बिघडवून घेणाऱ्या रुग्णांचं वर्णन डॉक्टरांनी १९७८ मध्येच करून ठेवलं आहे. झोपेचा मुद्दा घोरण्याचा आहे. रात्री श्वास अडकून अडकून येत असेल तर वरच्या कप्प्यांवर दर वेळी ताण पडतो, सकाळी उठल्यावरही शीण जात नाही, आणि माणूस तो शीण अब्लेशनच्या खात्यावर टाकतो. बायको घोरण्याची तक्रार करत असेल तर ती डॉक्टरांसमोर करू द्या.

राहता राहिली भीती. उपचारानंतर माणूस स्वतःच्या छातीकडे कान लावून बसतो. मनगटावरचं घड्याळ दर तासाला पाहतो, एखादा ठोका चुकला की घामाघूम होतो. एकेक ठोका अधूनमधून चुकणं हे निरोगी माणसांतही होतं. सकाळी आणि संध्याकाळी पूर्ण एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहावी, बाकी दिवसभर घड्याळाला विश्रांती द्यावी. कुटुंबानेही 'जपा'चा जप थोडा कमी करावा आणि त्याऐवजी बरोबर चालायला निघावं. भीती महिना-दोन महिने जात नसेल, झोप उडाली असेल, काहीच करावंसं वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही.

काही खुणांवर मात्र घरी थांबायचं नसतं. तोंड वाकडं होणं, एका हातापायातली शक्ती जाणं, बोबडं बोलणं. छातीत दाटून येणं, बेशुद्ध पडणं, बसल्या जागी दम लागणं. आणि अब्लेशननंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप येऊन गिळताना दुखणं. ही शेवटची खूण फार क्वचित दिसते, पण अन्ननलिकेला इजा झाल्याची ती खूण असू शकते आणि तिला वेळ देता येत नाही. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात अब्लेशन झाल्याचं आधी सांगा, म्हणजे घाईत एंडोस्कोपी होणार नाही.

आणि ठोका कितीही छान वाटत असला तरी रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अब्लेशननंतर किमान दोन महिने ती लागतेच. पुढे ती चालू ठेवायची की नाही हे तुमचं वय, रक्तदाब, मधुमेह आणि पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरतं, ईसीजीवर नाही. पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर लिहून न्या: आता किती चालता येतं, किती जिने चढता येतात, कोणती गोळी घेतल्यावर किती वेळाने गळून जायला होतं. आणि डॉक्टरांना सरळ विचारा, 'माझं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड शेवटचं कधी तपासलं?'